शेवटच्या ओळीतली माझी मुलगी

कुंडलच्या पुढच्या एका खेड्यात हेडमास्तरांनी मला फसवलं.

मालक फौजेत, पदरात सहा वर्षांची मुलगी. वैरणीचे भारे वाहत मी सातवीची फायनल पास झाले होते. साताऱ्याला मुलींच्या शाळेत मला जागा मिळत होती. पण हेडमास्तर म्हणाले, "अकरा ते पाच शाळा. सुट्ट्या पोरांबरोबर. लेक तुमच्याच वर्गात, डोळ्यांसमोर शिकेल. आईला याहून सोयीची नोकरी नाही." वांग्याच्या वाट्यासाठीही बाजारात दोनदा पाठ फिरवणारी मी, या बोलण्याला मात्र तिथल्या तिथे हो म्हणाले.

आठच दिवसांत एक बाई शाळेच्या दारात येऊन ओरडली, "सोताच्या पोरीला शिकवायचा पगार घेती व्हय ही?"

हेडमास्तरांची लगेच गाळण उडाली. "आवं बाई, लेकीला मागं बसवा. गाव गप हुईस्तवर तिला काय इचारू नका."

गाव वर्षभर गप झालं नाही. पहिली-दुसरीची सत्तर मुलं माझ्या गळ्यात. सकाळी घरोघर फिरून लोकांची पोरं गोळा करायची, दिवसभर त्यांची नाकं पुसायची, संध्याकाळी प्रौढांचा साक्षरता वर्ग. घरी येऊन चूल पेटवीपर्यंत माझी मुलगी जमिनीवर झोपलेली असायची.

वर्षअखेर तपासणीला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब आले. गावाला भिणाऱ्या याच हेडमास्तरांनी साहेबांपुढे मिरवायला माझ्या मुलीला पुढे ढकललं. "ही आमच्या बाईंची लेक, साहेब."

मुलीने अख्खा धडा घडाघडा म्हटला. साहेबांनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. तिला तो वाचता येईना. मागे बसून तिने धडा नुसता ऐकला होता. पुस्तकातलं अक्षर तिला कोणी दाखवलंच नव्हतं.

"पुन्हा पहिलीतच बसू दे," साहेब म्हणाले आणि शेरेबुकात त्यांनी लिहिलं: बाईंचे लक्ष शाळेपेक्षा घराकडे अधिक.

"साहेब, तिला मागे कोणी बसवलं ते यांना विचारा," मी म्हणाले. हेडमास्तर खडूची पेटी आवरत बसले.

आजही पोरीबाळींच्या आया मला विचारतात, मास्तरकी बाईमाणसाला सोयीची ना? सोयीची आहेच, हेडमास्तरांना, साहेबांना, गावाला.

ते हेडमास्तर सांगलीत पेन्शन खात बसलेत म्हणे. त्यांनी माझ्या मुलीला समोर बसवावं आणि तिचं ते वर्ष कोणी खाल्लं, हे स्वतःच्या तोंडाने तिला सांगावं.