छत्रीवाले काका

पोलादपुरात माझ्या काकांना ‘छत्रीवाले’ हे नाव मीच पाडलं. एकाहत्तरच्या लढाईत आपण विमानातून छत्रीने उतरलो, असं ते सांगत. पॅराशूटला ते छत्री म्हणतात हे शाळकरी वयात मला कळलं नाही. थाप समजून मी ती गावभर केली, आणि काकांनी लढाईविषयी बोलणंच सोडलं.

चाळिशीत, त्यांच्या त्या उडीची आठवण म्हणून, प्रशिक्षकासोबत मीही विमानातून उडी मारली. आंबेनळी घाटाच्या वळणांवर एसटीत ओकणारा मी! छत्री उघडली तसा आनंदाने ओरडलोच. खाली काका छातीवर पदक लावून हसत उभे होते.

“काय रे, छत्री मोडली नाय ना?”

गवतात बसूनच मी त्यांचे पाय धरले. “काका, तुमची छत्री खरी होती. मी हसलो, माफ करा.”