अंधेरीचा सामना आणि सोडलेली मासळी

विक्रोळीहून अंधेरीला जाणं याला प्रवास म्हणावं का, असं कोणी विचारील. विचारणारा बहुतेक साकीनाक्यावरून कधी गेलेला नसणार. आम्ही गेलो, ते एका रविवारी भर दुपारी, रिक्षात तिघं कोंबून, आणि तेही हॉकी बघायला. त्यामुळे हे प्रवासवर्णनच आहे, उगाच वाद नको.

आधी जायचं कारण सांगतो. आमच्या उपनगरांची एक व्यावसायिक हॉकी टीम आहे, साष्टी शिलेदार. नाव भारदस्त, खेळ म्हणजे बोंब. मोसमाच्या सुरुवातीचेच सामने ते असे काही हरले की मी संतापून इमारतीच्या जिन्यात ओरडलो, "हे एक सामना जिंकेपर्यंत मी मासळीला हात लावणार नाही!" जिन्यात बोललं म्हणजे चारी मजल्यांनी ऐकलं. आता मागे कसा फिरणार? शिलेदार त्यानंतरही इमानेइतबारे हरत राहिले. घरात मासे शिजणंच बंद झालं. आजचा सामना मोसमातला शेवटचा. आज जिंकले तर सुटलो, नाहीतर पुढचा मोसम येईपर्यंत डाळ-भात. मूळ वेंगुर्ल्याच्या माणसाला ही जन्मठेपच की हो!

सोबत दोघं होते. वरच्या मजल्यावरचे बापू, मिलमधून निवृत्त झालेले, आमच्या इमारतीचे अधिकृत गाऱ्हाणेकरी. गाऱ्हाणं (देवापुढे उभं राहून मोठ्याने घातलेली विनवणी, बाकीच्यांनी तिला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची) घालावं तर बापूंनीच. दुसरा माझा मित्र मिलिंद. कॉलेजात तो हॉकी खेळलाय, बौद्ध आहे, गाऱ्हाण्याबिऱ्हाण्यावर त्याचा विश्वास नाही.

"मी 'व्हय म्हाराजा' म्हणणार नाही हां, आधीच सांगतो," तो रिक्षात बसता बसता म्हणाला. "टाळ्या वाजवीन."

"तुझा विश्वास कशावर आहे मग?"

"डिफेन्सवर," असं म्हणून तो स्वतःच हसला. शिलेदारांच्या डिफेन्सपेक्षा देवावर विश्वास ठेवणं सोपं, हे त्यालाही माहीत होतं.

पवईचा तलाव मस्त चमकत होता, पण बघायला फुरसत कुणाला? बापू गाऱ्हाण्याचा नारळ घरी विसरले होते. साकीनाक्याला उतरून शोध सुरू केला. तिथे बेअरिंग मिळतं, पत्रा कापून मिळतो, कुठल्याही मापाचा स्क्रू मिळतो. नारळ म्हटलं की सगळे शहाळ्याच्या गाडीकडे बोट दाखवत. शेवटी एका लेथ मशीनच्या गाळ्यात देवाच्या फोटोपुढे ठेवलेला नारळ दिसला. मालकाला सगळी हकीकत सांगितली. त्याने नारळ काढून दिला, पैसे घेईना.

"हॉकी? वो अभी भी होता है?" एवढंच त्याने विचारलं. मिलिंदला ते फार लागलं. मरोळपर्यंत तो ऑलिंपिकची सुवर्णपदकं मोजत होता.

आणि मरोळलाच रिक्षा अडकली. कुठे अडकावी? बरोबर मासळीबाजाराच्या तोंडाशी! सुक्या बोंबलांचा, सोड्यांचा वास रिक्षात शिरला आणि मी मान बाहेर काढून हुंगायला लागलो. रस्त्याकडेला बसलेल्या कोळणीने माझं तोंड बरोबर वाचलं.

"ये दादा, बघ कशी ताजी हाय! घेऊन जा."

"नको मावशी. नवस आहे."

"बायकोचा?"

"हॉकीचा."

तिने पापलेट खाली ठेवलं. "पोरगा खेलतोय तुझा?"

"नाही."

"मंग भाव खेलतोय?"

"नाही हो. आमचं कोणीच खेळत नाही."

"मंग खा ना रे बाबा!" ती कळवळून म्हणाली. इतकं शहाणपणाचं वाक्य मला सबंध मोसमात कोणी ऐकवलं नव्हतं. पण सिग्नल सुटला.

मैदानाच्या दारात सुरक्षारक्षकाने नारळ पकडला. आत न्यायचा नाही, कोणी फेकून मारला तर? माझा चेहरा पडला. मग त्याने बापूंचं बोलणं ऐकलं आणि हळूच विचारलं, "काका, गाव खंयचा?" तो देवगडचा निघाला. "हयच घाला गाऱ्हाणा. मीय उभो रवतंय."

झालं. फाटकाबाहेर, पार्किंगच्या पाटीखाली बापूंनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि रक्षक ओरडलो. मिलिंदने टाळी वाजवली.

"आज ही शिलेदारांची पोरां मैदानात उतरतत, तेंची लाज राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आज काय तो चेंडू जाळ्यात जावचो नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलो. नारळ फुटला, खोबरं वाटलं, रक्षकाने दोन तुकडे जास्त घेतले.

समोर नाशिकची गोदाकाठ गरुड, तगडी टीम. पण काय सांगू! शिलेदार त्या दिवशी वेगळेच होते. पास सरळ जात होते. जात होते ते आपल्याच माणसाला मिळत होते. गोलकीपर तर असा उड्या मारत होता की मिलिंद उभाच राहिला. "अरे, टीमला फॉर्म सापडतोय रे! झकास!" शेजारच्या अनोळखी काकांना त्याने टाळी दिली. मलाही भरून आलं. इतके दिवस टीव्हीसमोर शिव्या घातल्या त्या पोरांना मनातल्या मनात सॉरी म्हणालो.

फक्त गोल होईना. त्यांचाही नाही, आमचाही नाही. एकदा चेंडू खांबाला लागला, एकदा पंचाच्या बुटाला. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. आणि मग माझी ट्यूब पेटली.

"बापू, तुम्ही मागितलंत काय देवाकडे? चेंडू जाळ्यात जावचो नाय. पण कोणाच्या जाळ्यात?"

बापू दचकले. त्यांच्या ओठांनी सगळं गाऱ्हाणं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. "मेलंय! कोणाच्या ता सांगूकच नाय."

मिलिंद पोट धरून हसत होता. मला कसलं हसू? माझी सुरमई त्या एका शब्दात अडकली होती. "दुसरं घाला, आत्ताच्या आत्ता!" मी म्हणालो. पण हातात नारळ नव्हता, आणि रिकाम्या हातांनी गाऱ्हाणं चालत नाही. बापूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मिलिंदच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा काढून घेतला.

"बापू, पॉपकॉर्न?"

"लाह्येच ते. देवाक चलतत."

या वेळी त्यांनी शब्द तोलून मापून घेतले. "बा देवा म्हाराजा, चेंडू त्येंच्या जाळ्यात जावंदे रे म्हाराजा! गरुडांच्या! नाशिकवाल्यांच्या! तिकडच्या, डाव्या हाताच्या जाळ्यात!" मागच्या रांगेतल्या अनोळखी बायकासुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणाल्या. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे मिलिंदने लगेच सांगितलं, तेव्हा डावा हात दुरुस्त करून उजवा झाला.

सामना संपत आला होता. आमच्या सहा नंबरवाल्याने मैदानाच्या मधून चेंडू काढला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि लांबूनच असा ठोकला की कीपर हलायच्या आत चेंडू जाळ्यात! अख्खं मैदान उठलं. मी बापूंना उचललं. मी रडत होतो, खोटं कशाला बोलू. डोळ्यांसमोर तळलेला तुकडा दिसत होता.

पंचाने हात हलवले. गोल नाही.

"का? का नाही?" मी किंचाळलो.

मिलिंद खाली बसला होता. "डीच्या बाहेरून मारला रे." डी म्हणजे गोलासमोरची अर्धवर्तुळाची रेघ. तिच्या आतून मारला तरच गोल, हॉकीचा कायदाच तसा. "एक पाऊल. फक्त एक पाऊल पुढे जायला हवा होता यार."

मी बापूंकडे पाहिलं. बापू मात्र शांत. "चेंडू गेलो की नाय जाळ्यात? गेलो. देवान आपला काम केल्यान. गोल धरूक व्हयो, ह्या आपण सांगूक नाय."

सामना शून्य-शून्य सुटला. या लीगमध्ये बरोबरी म्हणजे बरोबरी, पुढे काही नाही. शिलेदारांची पोरं मैदानाला फेरी मारून टाळ्या घेत होती, जणू कप जिंकलाय. आम्हीही हात दुखेपर्यंत वाजवल्या. मोसमात पहिल्यांदा ती हरली नव्हती. परतताना मेट्रोने घाटकोपरला आलो. मिलिंद आणि बापू पुढच्या वर्षी गाऱ्हाण्यात काय काय घालायचं यावर भांडत होते. मिलिंद म्हणे, पेनल्टी कॉर्नरचा वेगळा उल्लेख हवा. ज्याचा विश्वास नाही तोच मसुदा करत होता.

माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. जिंकणं नाही, हरणं नाही. मासळीचं काय?

दार उघडलं आणि मी जागीच थांबलो. तिरफळं घातलेल्या, गरम सुरमईच्या कालवणाचा वास.

"जिंकले? त्याच भरवशावर केलंय हे," सुनंदाने, माझ्या बायकोने, आतून विचारलं.

"बरोबरी."

ती पळी हातात घेऊन बाहेर आली. क्षणभर तिचा चेहरा उतरला, मग तिने विचार केला. "बरोबरी ना? मग रस्सा खा. तुकडा जिंकल्यावर."

निकाल लागला. अपील नाही. मी पानावर बसलो. पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाचं नव्हतं ते. तुकडे डब्यात भरून बापूंकडे गेले, त्यांनी काही सोडलेलं नव्हतं.

मग लक्षात आलं, सुनंदाच्या पानातही नुसता रस्सा.

"तू का नाही घेतलास तुकडा?"

"मीपण सोडलेत. तुम्ही सोडलेत त्याच दिवसापासून."

"अगं, तुला तर हॉकीतलं ओ की ठो कळत नाही!"

"नाहीच कळत," ती भात कालवत म्हणाली. "पण तुमच्या एकट्याच्या पुण्याईवर ती टीम जिंकणार होय?"