पुसता न आलेली डिस्क

घरच्यांना वाटतं मी ती केस विसरलो. कसा विसरेन? त्यात चोरापेक्षा जास्त चुका मी केल्या होत्या.

कसबा बावड्यात दुपारी बारा ते एकच्या दरम्यान एका बंद घरातून दागिने गेले. आमच्या खबऱ्यानं शेजारच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरचं नाव दिलं. मी त्याला उचलला. तो एकच धरून बसला, "साहेब, त्या टायमाला मी वारणानगरात लग्नात हुतो. शूटिंगमध्ये दिसंन की."

शूटिंग करणाऱ्या चाचांचं दुकान बावड्यातच. त्यांच्या कॅमेऱ्यात टेपऐवजी छोटी डिस्क जायची. मी पंच घेऊन गेलो, डिस्क बाहेर काढायला लावली. चाचा काहीतरी सांगत होते, पण पंचनाम्याच्या वेळी मला कुणी शिकवलेलं खपत नसे. सही, शिक्का, जप्त.

ठाण्याच्या कॉम्प्युटरनं डिस्क कोरी असल्याचं सांगितलं. पुढं त्यानं काहीतरी विचारलं, ते न वाचताच मी 'होय' दाबलं. तो नाही म्हणाला. मी पुन्हा दाबलं. मग स्टेशन डायरीत ठसठशीत नोंद केली, 'डिस्क तपासली, कोरी आढळली.' ड्रायव्हर रडायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोर्टात उभं करून कोठडी मागायची होती.

त्याच संध्याकाळी चाचा कॅमेरा घेऊन स्वतःच ठाण्यात आले. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून म्हणाले, "कोरी न्हाय ही. आतलं कडं गडद दिसतंय न्हवं? तेवढं लिवलंय. कॅमेऱ्यात फायनल केल्याबिगर दुसऱ्या मशीनला वाचता येत न्हाय. ते करायचं राहिलं, म्हणून तुमचं मशीन कोरी म्हणतंय. तेच सांगत हुतो."

मी दोनदा 'होय' दाबल्याचं कबूल केलं. चाचा मटकन बाकावर बसले.

"पुसून नवी करू का, असं इचारतंय ते मशीन. पुसायलाच निघालतासा की! पुसता येणारी आरडब्ल्यू असती तर लगीन गेलं असतं, अन् ह्यो गडीबी."

याच चाचांना मी पूर्वी शहाणपण शिकवलं होतं. आम्ही ठाण्यात आरडब्ल्यूच वापरतो, पुसा आणि पुन्हा भरा, दरवेळी नवी डिस्क कशाला? चाचा सरावाला आरडब्ल्यू घेत, लग्नाला मात्र एकदाच लिहिता येणारी. आपल्या हातून चूक झाली तरी दुसऱ्याचं लग्न पुसलं जाऊ नये, एवढा साधा हिशेब. तो मला त्या बाकाजवळ उभं राहून कळला.

कॅमेऱ्यात डिस्क फायनल झाली. पडद्यावर साडेबाराच्या मुहूर्ताच्या अक्षता पडत होत्या आणि वाकडा फेटा बांधलेला आमचा आरोपी नवऱ्यामागं उभा राहून जांभई देत होता. मग मी खबऱ्याला समोर बसवलं आणि तुला हे कुणी सांगितलं, असं विचारलं. तासाभरात दागिने त्याच्याच माळ्यावरून निघाले.

सुटताना ड्रायव्हर चाचांच्या पाया पडला. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही, ते बरोबरच होतं.

राहिली ती माझी नोंद. हवालदारानं डायरी पुढं सरकवली. डायरीतली ओळ खोडता येत नाही, पानही फाडता येत नाही. मी खाली लिहिलं, 'वरील नोंद चुकीची. डिस्क कोरी नव्हती. मला वाचता आली नाही.' आणि सही केली.