सासूबाईंनी माझे पाय धुतले तो गुरुवार

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. नाताळ सरला आणि माझं लग्न झालं. माहेर मोताळ्याचं, सासर उंद्रीजवळच्या एका गावात. दोन्ही घरं ख्रिस्तीच, पण सासूबाईंची मला फार धास्ती. उंच, हडकुळ्या, ‘हाव’ आणि ‘नाई’ एवढ्यावर सगळा संसार रेटणाऱ्या.

शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, आम्ही ऊन कलताना देवळात गेलो. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनं कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून इथे त्या दिवशी बाया बायांचे आणि पुरुष पुरुषांचे पाय धूत. माझ्या माहेरी ही रीत नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, “जो मोठा, त्यानं वाकायचं. यंदा ज्या घरी नवी सून आली, तिथं सासूनं धुवावे.”

नवी सून मी एकटीच! सासूबाई परात घेऊन समोर बसल्यासुद्धा.

“मामी, तुमी नका. मीच धुते तुमचे,” मी पाय आखडत सासूबाईंना म्हटलं.

“प्रभूचा शिष्य पेत्रबी असाच म्हने. मंग प्रभू त्याले काय बोलला? धुऊ दे, नाई तं तुहा-माहा काई संबंध नाई. ठेव पाय.”

ठेवला. कापूस वेचून खरखरीत झालेला त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला मात्र, मला फिस्सकन हसू फुटलं.

“काऊन हासून राह्यली?”

“गुदगुल्या होऊन राह्यल्या, मामी.”

“देवळात?” असं म्हणत त्यांनी घोटा आणखी घट्ट धरला. झालं! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण पाय कुठला ऐकतो? तो असा उडाला की परातीतलं पाणी थेट सासूबाईंच्या तोंडावर.

सासूबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब लोंबत होता. त्यांनी डोळे तिरळे करून त्याच्याकडे पाहिलं, ओठ थरथरले, आणि त्या खदखदून हसल्या. मग काय, सगळी रांगच फुटली. गोंधळ झाकायला पेटीवाल्यानं घाईघाईत गीत धरलं, ते नेमकं पुनरुत्थानाचं, येत्या रविवारी म्हणायचं! पुरुषही हसू लागले.

पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले, “बारा शिष्यांतल्या एखाद्याला तरी गुदगुल्या झाल्याच असतील.”

मग माझी पाळी. “धू. माहे पाय दगडाचे हायेत,” सासूबाई ऐटीत म्हणाल्या. टाचांच्या भेगांना खरंच काही कळत नव्हतं. पण बोटांच्या बेचक्यात माझा हात गेला आणि “मेली वं माय!” म्हणून त्यांनी माझी वेणीच धरली.

प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला हाती आला, तेव्हा कुठे आम्ही गप्प झालो.

वाटेत सासरे कुरकुरले, “दुःखाच्या सप्ताहात बाया खिदळून राह्यल्या!”

“तुमी चाला पुढं,” सासूबाई म्हणाल्या, आणि माझा हात धरून मुद्दाम मागे राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, “मोताळ्याले अजून कोनाले होतात गं गुदगुल्या?”

“माह्या बाबांले. मायनं नुसतं बोट दाखवलं तरी पळतात.”

सासूबाई हसता हसता मटकन बांधावर बसल्या. त्यांना उठवता उठवता मीही बसले.