हलत्या हाताची तिपाई

माझी सारी नोकरी आरेखक म्हणून गेली. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढले. शाईची रेघ एका दमात ओढायची आणि ती कुठेही थरथरायची नाही, एवढाच माझा अभिमान होता. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे आता असंच राहणार. चहाचा कप मी अर्धा भरून घेऊ लागलो. त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते कॅमेऱ्याचं. खिशात मावेल असा छोटा कॅमेरा मी निवृत्तीच्या वेळी हौसेनं घेतला होता, आणि आता त्यातून निघणारा प्रत्येक फोटो पुसट येत होता. शेवटी मी तो कपाटात ठेवून दिला.

बायकोनं तो बाहेर काढला. माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हात हालते त हालू द्या. पण कॅमेऱ्याले हातातच काहून धरता?"

हे मला का सुचलं नव्हतं, कोण जाणे.

आठवडाभरात आम्ही दोघं अकोल्याहून बसनं अमरावतीला गेलो. तिथे कॅमेऱ्याचं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानदार आमच्याच वयाचे, पूर्वी लग्नाचे फोटो काढायचे. त्यांनी आधी छातीइतकी उंच तिपाई, म्हणजे कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, काढली. मी ती उचलली आणि खाली ठेवली. मला पातूरच्या लेण्यांत जायचं होतं, आणि टेकडीवर ती माझी मलाच न्यायची होती. हे सांगितल्यावर त्यांनी सगळ्यात हलकी काढली. बोटाएवढे पाय, वजन जवळजवळ नाहीच. माझा जीव तिच्यावर जडला.

पण नकाशांनी मला एक सवय लावली आहे, मोजल्याशिवाय मानायचं नाही. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. कॅमेरा त्या हलक्या तिपाईवर बसवला, मधली दांडी वर ओढली आणि कॅलेंडरवरच्या बारीक तिथींचा फोटो घेतला. पडद्यावर मोठा करून पाहिला तर तिथी दुहेरी. दांडी खाली करून पुन्हा घेतला, तर थोडं बरं. दुकानदार म्हणाले, छोट्या कॅमेऱ्याला एवढं कोणी पाहत नाही. मी म्हटलं, मी पाहतो.

मग वाकणाऱ्या पायांची एक आली. ती कॅमेऱ्याच्या भारानं हळूहळू मान टाकायची. त्यानंतरची कार्बनची, देखणी, हलकी आणि भक्कमही. पण तिचे पाय पिळून आवळायचे होते आणि माझ्या बोटांना ते जमेना. दोनदा मला वाटलं आवळलं, दोनदा एक पाय हळूच आत सरकला. मी ती बाजूला ठेवली. बायको उठली, काचेच्या कपाटाकडे गेली आणि कोपऱ्यातल्या एका काळ्या तिपाईकडे बोट दाखवलं. अॅल्युमिनियमची, घडी केली की हातभर. तिच्या पायांना खटके होते. खटका दाबला की टक्क आवाज येई आणि पाय बसला हे ऐकूनच कळे. कार्बनच्या तिपाईपेक्षा थोडी जड, पण झोळीत मावणारी. वर कॅमेरा बसवायची पट्टीही लहान, म्हणजे बॅटरीचं झाकण उघडायला स्क्रू काढावा लागणार नव्हता. दांडीखाली एक आकडा होता. त्याला मी वजनासाठी पाण्याची बाटली टांगली आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी सोय लावली. हात मागे घेतला.

तिथी सुईनं कोरल्यासारख्या आल्या.

दुकानदारांनी स्वतः चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, "साहेब, एवढे वर्सं इकून रायलो, पण असं पारखून नेणारे तुमीच."

पुढच्या रविवारी पातूर. तिपाई लावायला परवानगी लागते, ती आधीच अर्ज करून काढली होती. टेकडी चढताना झोळी माझ्याच खांद्यावर होती. दोनदा थांबलो, दम लागला म्हणून. खांदा दुखला म्हणून नाही. लेण्यात शिरलो तेव्हा आत इतका अंधुक उजेड होता की, हात चांगला असतानाही मला तिथे फोटो जमला नसता. टक्क, टक्क, टक्क. पाय बसले. समोर खांब होता. बटण दाबलं, हात पाठीमागे बांधले आणि उभा राहिलो. हात कापतच होता. कॅमेरा कापत नव्हता.

पडद्यावर खांब उमटला. मी तो मोठा केला, आणखी मोठा केला. दगडावर छिन्नीचे घाव एकेक वेगळे दिसत होते, तिरपे, एकाला एक लागून. कुणा कारागिराच्या हाताची ती रेघ होती आणि ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. मी मोठ्यानं हसलो. आवाज दगडात घुमला आणि बाहेर बसलेली बायको आत आली.

मी तिला फोटो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला, मग म्हणाली, "आता माहा काढा. अन् तुमी बी या बाजूले."

दहा सेकंदांची वेळ लावून मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. तिनं माझा उजवा हात लपवू दिला नाही. दुपारपर्यंत आम्ही आत होतो. मी एकूण चौसष्ट फोटो काढले, आणि त्यातला एकही पुसट नव्हता.