गाडीवाल्या मॅडमचं पुस्तक

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे मॅडमच म्हणत. दिवसभर शिकाऊ चालकाशेजारच्या सीटवर बसून त्या ओरडायच्या, "क्लच हळू सोडा हो, पळून नाही जात तो!" आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरचं खरकटं पुसून तिथेच कथा लिहायला बसायच्या. लिहिता लिहिता केस पिकले. शेवटी एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढायचं मनावर घेतलं. हॉल ठरला, भाषण पाठ झालं, केसांना कलप लागला, आणि त्याच आठवड्यात साथीने सगळ्या जगाला कुलूप लागलं.

"पुस्तकं गोडाऊनमध्ये अगदी सुखरूप आहेत," प्रकाशक फोनवर म्हणाला.

"सुखरूप राहायला छापलीत का हो?" मॅडमनी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

प्रकाशन मग मोबाइलवरच उरकलं. दीर आवाज बंद करायला विसरला, त्यामुळे निम्म्या भाषणावर त्याच्या घरचा मिक्सर फिरला. तरी सगळ्यांनी वाहवा केली. तेवढ्यात चेहरा न दाखवता कुणी एक बाई बोलल्या, "प्रकाशकांनी पाठवलेली प्रत मोबाइलवर वाचली. तिसऱ्या कथेतली आई शेवटी मुलाला माफ करते, ते काही पटलं नाही. तिथे तुम्ही घाबरलात."

मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. "कोण ही खडूस?" म्हणत त्या दोन दिवस भांडी आपटत होत्या. शेवटी नवऱ्याने हळूच विचारलं, "पण घाबरली होतीस का?"

मॅडमनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग प्रकाशकाकडून त्या बाईंचा नंबर मिळवून त्यांनी फोन लावला. "घाबरले म्हणजे नेमकं काय?"

"तुमचा जीव आहे त्या आईवर," बाई म्हणाल्या. "म्हणून तिला वाईट वागूच देत नाही तुम्ही."

बोलणं लांबलं. बाई स्वतःही लिहायच्या, पण कुणाला दाखवलं नव्हतं. "मग मला वाचून दाखवा," मॅडम म्हणाल्या, "मीही काढते चुका!"

अशी शनिवारची बैठक सुरू झाली, फोनवरच. तिसरा गडी होता औषधाच्या दुकानाचा मालक. मॅडमकडे शिकूनही गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला, पण भुताच्या गोष्टी लिहिण्यात पटाईत. दुकानात बसून माणसांच्या संपर्कात राहिला आणि एक दिवस तोच हॉस्पिटलात गेला. बोलता येईना, तेव्हा दोघी कथा वाचून त्याला रेकॉर्डिंग पाठवायच्या. उत्तरादाखल नुसता एक अंगठा यायचा. अंगठा आला नाही, की दोघींनाही घास गोड लागत नसे. महिन्याभराने तो घरी आला. वाचायला लागला की ओळीओळीला धाप लागायची. दोघी थांबायच्या. एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या मॅडमसुद्धा तेव्हा चकार शब्द काढत नसत.

सगळं उघडल्यावर मॅडम आणि औषधवाले बाईंच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीतच पलंग होता. त्यावर एक गृहस्थ निजलेले, उजवा हात लुळा.

"आमचे हे," बाई म्हणाल्या. "फोन स्पीकरवर असायचा. पहिल्या शनिवारपासून ऐकतायत. सांगितलं असतं तर तुम्ही जपून बोलला असतात."

औषधवाले पुढे होऊन म्हणाले, "नमस्कार."

गृहस्थांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. जीभ जड होती, पण शब्द कळले. "औषधवाले. धाप... कमी झाली."

औषधवाल्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले.

"मॅडम," गृहस्थ म्हणाले, "वाचा."

मॅडमनी मोबाइल काढून नवी कथा सुरू केली. प्रत्यक्ष माणसांसमोर वाचायची सवय नव्हती, पहिल्या पानावर दोनदा ओळ चुकली, मग सूर लागला. दुसऱ्या पानावर गृहस्थ चक्क घोरायला लागले. मॅडम थांबल्या.

"अहो, थांबू नका," बाई हलकेच म्हणाल्या. "तुम्ही थांबलात की जागे होतात ते."