वरच्या मजल्यावरची गिटार

"अहो, तुमच्या मिक्सरचं बेअरिंग गेलंय," असं मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना अगदी जाणकाराच्या थाटात सांगितलं. उजवा कान माझ्याकडे वळवून त्यांनी ते ऐकून घेतलं.

"मिक्सर नाही, गिटार आहे ती. बसा."

हेवी मेटलचा पाया घालणाऱ्या कुठल्याशा बँडची निवडक गाण्यांची सीडी लागली होती. मला नवल वाटलं ते त्या 'निवडक'चं. हे निवृत्त ग्रंथपाल. जिन्यात भेटले की हमखास ऐकवायचे, "निवडक कथा वाचणारा माणूस म्हणजे बासुंदीतले बदाम वेचणारा." सदाशिव पेठेत याहून मोठी शिवी नसावी.

"तुम्ही आणि निवडक?" मी विचारलंच.

"डावा कान जमा झाला. उजव्याची मुदत डॉक्टर वर्षभर म्हणतात. तेवढ्यात सगळे अल्बम व्हायचे नाहीत."

हे त्यांनी पुस्तक परत करायची तारीख सांगावी तसं सांगितलं. मग "तुम्हाला त्रास होत असेल" म्हणत आवाज कमी केला, स्पीकरवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मला गाणं अजून नीट ऐकू येत होतं. त्यांना येत नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मी 'बराय' म्हणून जिना उतरलोही होतो.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही तसेच खाली आलात? वर जा, आवाज वाढवायला सांगा. आणि मोठ्यानं सांगा."